हौदात क्लोरीन शून्य, मेसेज वेळेवर, तरी लोक तेच पाणी प्यायले: निरोप कुठं चुकतो आणि तो कसा दुरुस्त केला

आमची इमारत जुळे सोलापुरातली, बारा घरांची. खाली दोन गाळे, अंगणात वीस हजार लिटरचा हौद, गच्चीवर पाच-पाच हजारांच्या दोन काळ्या टाक्या. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, कधी रात्री दीडला, कधी पहाटे चारला. मी टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये ब्लीचिंगवर आहे. त्यामुळं "क्लोरीनचं तूच बघ की" म्हणून सोसायटीनं हे खातं माझ्या गळ्यात घातलं.

सुरुवातीच्या दोन पावसाळ्यांत चार वेळा आमच्या हौदात क्लोरीन शून्य निघालं. चारही वेळा मी ग्रुपवर मेसेज टाकला, आणि चारही वेळा कुठल्या ना कुठल्या घरात तेच पाणी न उकळता प्यायलं गेलं. दोन वेळा जुलाब-उलट्यांनी माणसं सलाईनपर्यंत गेली. पाणी दुरुस्त करायला आम्हाला दर वेळी दोन-तीन तास लागले. निरोप दुरुस्त करायला दोन वर्षं लागली. ज्यांच्या सोसायटीत, वाड्यात, गावात हेच पुन्हा पुन्हा होतंय त्यांच्यासाठी आमची सगळी खटपट इथं लिहून ठेवतोय.

आधी चाचणी खरी आहे का ते बघा

खोटा गजर दोनदा झाला की तिसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही, म्हणून सुरुवात इथून.

पूर्वी आरोग्यसेवक ओटीची (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) बाटली घेऊन यायचे. थेंब टाकले की पाणी पिवळं. ते रसायन अंगाला चांगलं नाही, म्हणून मी डीपीडीच्या गोळीवर आलो. नळ मिनिटभर वाहू द्या, नळी दोनदा त्याच पाण्यानं विसळा, रेघेपर्यंत भरा, गोळी टाका, झाकण लावून हलवा आणि गुलाबी रंग लगेच पट्टीशी ताडून बघा. चहा पिऊन आल्यावर बघितलेला रंग धरू नका. उशिरा चढणारा गुलाबी हा बहुतेक करून अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याच्यात जंतू मारायचा जोर कमी. आपल्याला मोकळं क्लोरीन हवं. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) म्हणतं की ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. पावसाळ्यात आम्ही हौदात ०.५ च धरतो.

माझ्याकडून झालेल्या दोन चुका. पहिली: स्वयंपाकघरातल्या आरओच्या तोटीचं पाणी तपासलं. तिथं क्लोरीन कधीच सापडणार नाही, आतला कार्बन ते खाऊन टाकतो. सगळ्या बिल्डिंगला उगाच घाबरवलं. दुसरी चूक जास्त गमतीची. वॉचमन मामांनी एकदा टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, अख्खी वाटी हौदात ओतली होती. गोळी टाकली, क्षणभर गुलाबी झाक दिसली आणि पाणी पुन्हा पांढरं. मी रजिस्टरला शून्य लिहिलं. आयुष्यभर सुतावरचा रंग उडवणारा माणूस मी, आणि क्लोरीन जास्त झालं की चाचणीचाही रंग उडतो हे ध्यानात यायला मला अर्धा तास लागला! अशी शंका आली तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं नमुना दहापट पातळ करा आणि परत बघा.

क्लोरीन कुठं हरवलं, हे चार तोट्या सांगतात

निरोपात काय लिहायचं हे या तपासावर ठरतं, म्हणून तो टाळू नका. पाणी आलं की चार ठिकाणी गोळी टाका: रस्त्याकडून येणाऱ्या पाइपची तोटी, हौद, गच्चीची टाकी, आणि सगळ्यात लांबच्या घरातलं आरओच्या आधीचं नळाचं पाणी.

रस्त्याच्या तोटीला पहिली दहा मिनिटं शून्य आणि नंतर गुलाबी आलं, तर मधल्या लाइनीत काहीतरी शिरतंय. पाणी चार दिवस बंद असतं तेव्हा पाइप रिकामा राहतो, आणि गळतीच्या जागी बाहेरचं पाणी, शेजारी गटार असेल तर गटाराचं, आत ओढलं जातं. त्यात आपण प्रत्येक जण नळाला थेट मोटर लावतो. ती मोटर पाण्याबरोबर ही घाणही ओढते. आम्ही आता पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी हौदात घेतच नाही, बादल्यांत धरतो आणि अंगणाला, संडासाला वापरतो.

त्या तोटीला अर्धा-पाऊण तास सलग शून्यच असेल तर दोष आपल्या भिंतीच्या बाहेर आहे. वेळ, पत्ता, तीन रीडिंगचे फोटो घेऊन झोन ऑफिसला तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. इथं एक सांगतो. "सोलापूरचं पाणी खराब झालंय" असा मेसेज कुठल्याच कामाचा नाही, कारण सोलापूरचं पाणी असं एक नाहीच. उजनीतून थेट पाइपनं येणारं पाकणीला शुद्ध होतं. भीमेतून टाकळीला उचललेलं सोरेगावला येतं. हिप्परग्याच्या तलावाचं भवानी पेठेत. पुढं टाक्या वेगळ्या, लाइनी वेगळ्या, पाळ्या वेगळ्या. शेळगीच्या माणसानं पाठवलेला मेसेज विजापूर रोडला वाचून दोघांचंही भलं होत नाही.

रस्त्याला गुलाबी आणि हौदात शून्य, हा आमचा नेहमीचा आजार. त्याची कारणं तीन निघाली. हौदाच्या तळाला चार बोटं गाळ होता. क्लोरीन आधी तो गाळ खातं, जंतूंची पाळी नंतर. दुसरं, पाण्याची पाळी लांबली की वॉचमन मामा बोअर चालू करून हौदात सोडायचे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन असतं कुठं? अर्धं बोअर मिसळलं की होतं तेही अर्धं. तिसरं कारण माझ्या धंद्यातलं असून मलाच उशिरा सुचलं. टीसीएलचं पोतं आम्ही पंपाच्या पत्र्याच्या खोलीत ठेवत होतो. सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३ अंश, पत्र्याखाली काय असेल ते बघा. उन्हानं आणि दमटीनं त्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. कारखान्यात नेऊन टायट्रेशन केलं तर पोत्यावर छापलेल्या ताकदीच्या निम्मीसुद्धा उरली नव्हती. आम्ही वर्षभर इमानेइतबारे चुना टाकत होतो म्हणायचं. आता पाच किलोच्या वर आणत नाही आणि ते झाकणाच्या डब्यात, जिन्याखालच्या गार कोपऱ्यात असतं.

डोस साधा आहे. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या भरलेल्या हौदाला शंभर. प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशीसारखी कालवा, मग पाणी भरा, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी हौदात, खालचा चुना बाहेर. किमान अर्ध्या तासानं चाचणी. ज्या बादलीत हे करता तिला संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधी लागू देऊ नका, विषारी वायू निघतो.

रजिस्टर

दुसऱ्या वेळी शून्य निघालं तेव्हा मी रजिस्टर उघडलं. रोज ०.५. महिनाभर ०.५. एकाच पेनानं, एकाच वळणाचं. मजा म्हणजे तारीख होती १४ आणि रजिस्टर १६ पर्यंत भरलेलं होतं. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच म्हणला की ओ, पाच पाहिजे म्हणून."

त्यांना हसण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथं मुसळधार पाऊस झाला आणि शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. त्या विहिरीला पुरेसं क्लोरीन नव्हतं, पण नोंदवहीत वर्षानुवर्षं ०.५ आणि ०.७५ असे ठरावीक आकडे चाचणी न करताच लिहिले जात होते. प्रयोगशाळेनं १७ मे रोजी नमुने दूषित असल्याचं कळवलं. आरोग्य विभागानं विचारलं तेव्हा पाणीवाल्यांनी पाणी ठीक असल्याचं सांगितलं. शेवटी आरोग्य विभागानंच २१ मे रोजी पाणी उकळायचा निरोप दिला, तोही मुख्यतः स्थानिक रेडिओवरून, आणि बऱ्याच घरांना तो त्या दिवशी कळलाच नाही. सात माणसं गेली, २,३०० च्या वर आजारी पडली.

हे वाचल्यापासून आमच्या रजिस्टरला आकड्याचा रकाना नाही. नळीचा फोटो, त्याच्यामागं घड्याळ. मामांना फोटो काढायला उलट सोपं जातं.

चार मेसेज, चार घोटाळे

पहिला मेसेज मी सकाळी पावणेआठला टाकला: "पाण्यात क्लोरीन कमी आहे. कृपया काळजी घ्यावी." पाणी आलं होतं रात्री दीडला. घागरी, पिंपं, माठ कधीच भरून झाले होते. आणि काळजी घ्यावी म्हणजे काय करावं? एकीनं पाणी दुपदरी फडक्यानं गाळलं. एकीनं घागरीत तुरटी फिरवली. एकानं आरओ आहे म्हणून काहीच केलं नाही. तिघांनीही आपापल्या परीनं काळजीच घेतली होती. फडक्यानं कचरा जातो, तुरटीनं गाळ बसतो, जंतू दोन्हीनं मरत नाहीत.

दुसऱ्यांदा मी शहाणा झालो आणि सगळं लिहिलं. मानक, मिलिग्रॅम, ई. कोलाय, कावीळ, टायफॉइड, कॉलरा. मोबाइलवर दोनदा वर सरकवावं लागेल एवढा मजकूर. लोक घाबरून जारवाल्याकडं धावले, आणि त्या जारमध्ये क्लोरीन किती हे कुणी बघितलं नाही. मी बघितलं, शून्य. उकळा हा शब्द माझ्या मेसेजमध्ये अकराव्या ओळीत होता.

तिसरा मेसेज बरा होता, पण ग्रुपवर बारा घरमालक आणि त्यातली चार घरं भाड्यानं. भाडेकरू ग्रुपवर नाहीत. खालच्या गाळ्यात चहाची टपरी, तीही नाही. म्हणजे बिल्डिंगमध्ये सगळ्यांत जास्त माणसांना पाणी पाजणारा माणूसच निरोपाच्या बाहेर. दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांच्या समोरच्या घरात उर्दू वाचणारी आज्जी, मोबाइल नातवाच्या हातात आणि नातू पुण्यात.

चौथ्या वेळी मात्र मी सगळं बरोबर केलं असं मला वाटत होतं. छोटा मेसेज, कागदावरही, दारोदार जाऊन सांगितलं. तीन दिवस सगळ्यांनी उकळून प्यायलं. चौथ्या दिवशी पहाटे पाणी आलं, रस्त्याच्या तोटीला छान गुलाबी, हौदात ०.६. मी आनंदानं टाकलं: "आज पाण्यात क्लोरीन योग्य आहे. काळजीचं कारण नाही." संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या.

मी वर गेलो. वहिनींच्या ओट्यावर तीन भांडी होती. पितळी घागर, माठ, आणि स्टीलचं पिंप.

"वहिनी, हिला कुठलं पाणी दिलं?"

"माठातलं. तुम्हीच सांगितलं की ओ सकाळी, चांगलंय म्हणून."

"माठ कधी भरला?"

त्या थांबल्या. "रविवारी… म्हणजे मागच्या पाण्याला."

माठात गोळी टाकली. गोळी तळाला जाऊन पांढरी भुकटी झाली, पाणी जसंच्या तसं. पिंपाचंही तेच. घागर तेवढी गुलाबी, ती सकाळी भरलेली. एका ओट्यावर दोन पाळ्यांचं पाणी शेजारी शेजारी, दिसायला सारखंच. आणि माझ्या मेसेजमध्ये "आज".

माझी चूक तिथं मला कळली. रोज चोवीस तास पाणी असलेल्या गावात "आजचं पाणी" म्हणजे पिण्याचं पाणी. आपल्याकडं नळाला येतं ते आजचं आणि पोटात जातं ते परवाचं. शिवाय गच्चीच्या टाकीत चार दिवसांपूर्वीचं तळाला उरलेलंच असतं, त्यावर नवीन पडतं. नळ चांगला झाला म्हणून घर चांगलं होत नाही. सूचना लागू करायची ती मेसेजच्या तारखेला धरून नाही, पाणी भरल्याच्या तारखेला धरून.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. वहिनी अजून मला "क्लोरीन भावजी" म्हणतात, प्रेमानंच म्हणत असाव्यात.

आता आमची सूचना कशी असते

अमेरिकेत पाणीपुरवठा करणाऱ्यांवर अशी सूचना द्यायची कायद्यानं सक्ती आहे, आणि त्यांची उतरंड मला फार आवडली. तब्येतीला तातडीचा धोका असेल तर २४ तासांच्या आत लोकांना कळलं पाहिजे, त्याहून कमी असेल तर ३० दिवसांत, नुसती कागदोपत्री चूक असेल तर वर्षभरात. नोटिशीत काय काय असलं पाहिजे तेही ठरलेलं: काय झालं, कधी झालं, कुणाला धोका, काय करायचं, दुसरं पाणी कुठं मिळेल, दुरुस्ती कुठवर आली, कधी संपेल, कुणाला विचारायचं, आणि हा कागद ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांना सांगा. वस्तीत दुसरी भाषा बोलणारे बरेच असतील तर त्यांच्यासाठीही सोय करायची. ही शेवटची अट कुणी सोलापुरात बसून लिहिली असावी असं वाटतं. इथं एका जिन्यात चार भाषा आहेत.

त्यातून आम्ही आपल्यापुरतं गाळून घेतलं. रंग मात्र आपल्या ग्रामपंचायतींकडून उचलले. महाराष्ट्रात गावाच्या पाण्याच्या सोयी तपासून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात ते सगळ्यांना माहीत आहे, रंग समजावून सांगावा लागत नाही. गेल्या पावसाळ्यात लावलेला कागद असा होता:

लाल कार्ड. पाणी सूचना ५. शनिवार, १२ जुलै २०२५, सकाळी ६.१०.
काल रात्री झोपल्यानंतर जे पाणी आलं ते, आणि त्यातून घरात भरलेलं सगळं, उकळल्याशिवाय पिऊ नका.
कुणासाठी: बाराही घरं, दोन्ही गाळे.
काय झालं: हौदात क्लोरीन नाही.
कसं उकळायचं: खदखदून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. झाकून गार करा.
उकळलेलंच वापरा: पिणं, दात घासणं, बाळाचं दूध, बर्फ, कच्ची कोथिंबीर-काकडी धुणं.
साधं चालेल: आंघोळ, कपडे, फरशी.
गाळणं, तुरटी, आरओ: यावर भागवू नका.
जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस सुरू करा आणि दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर वाट बघू नका.
पुढचा निरोप आज संध्याकाळी ७ वाजता, पाणी नीट झालं नसलं तरी.
हिरवं कार्ड लागेपर्यंत हे चालू.

"काल रात्री झोपल्यानंतर" हे असं का, तर आधी "शुक्रवारी रात्री १.३०" लिहिलं होतं आणि दोघा जणांनी ती गुरुवारची रात्र धरली. बारा वाजल्यानंतर वार बदलतो हे घड्याळाला माहीत, माणसाला झोपून उठल्याशिवाय वार बदलत नाही.

सालासकट तारीख आणि क्रमांक यासाठी की व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मरत नाही. आमचा तिसरा मेसेज पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरून परत आमच्याच बिल्डिंगला आला आणि लोकांनी पुन्हा जार मागवले.

"पुढचा निरोप ७ वाजता, पाणी नीट झालं नसलं तरी" ही ओळ सगळ्यात कामाची निघाली. ती नसेल तर दिवसभर मला फोन येतात आणि दुपारपर्यंत लोक स्वतःच ठरवतात की एव्हाना झालं असेल.

कागद कुठं लावायचा

नोटीस बोर्डावर नाही. आमच्या बोर्डावर २०१९ च्या गणपतीची वर्गणीची यादी अजून आहे. कागद लागतो मोटरच्या स्टार्टरवर, हौदाच्या झाकणावर, आणि टपरीच्या पाण्याच्या ड्रमवर. पाणी घेणाऱ्याचा हात जिथं जातोच अशा या तीन जागा. अक्का तेलुगूत एक ओळ लिहितात, उर्दूची ओळ आज्जी स्वतः घालतात. कानडीचं काम तळमजल्यावरच्या काकांकडं. आज्जींच्या अक्षरातली ओळ लागायला लागल्यापासून त्या मजल्यावर उकळायचं राहिलं असं झालेलं नाही.

आणि आता मुख्य दुरुस्ती. कारखान्यातून मी वेस्टेजचं लाल सूत आणतो, ते पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असतं. लाल कार्ड लागलं की प्रत्येक घरानं त्या पाळीचं पाणी असलेल्या प्रत्येक भांड्याला वीतभर सूत बांधायचं. माठाच्या गळ्याला, पिंपाच्या कडीला, फ्रिजमधल्या बाटलीला. भांडं रिकामं करून घासलं की सूत तोडायचं. मेसेज वाचा न वाचा, आठवो न आठवो, लाल दिसलं की ते पाणी पातेल्यात. पोरं हे काम आवडीनं करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र साफ नकार दिला. माठाला लाल सूत म्हणजे कुणी करणी केल्यासारखं दिसतं म्हणाल्या. त्यांना रबरबँड दिलं, तेही लालच.

हिरवं कार्ड घाईनं लावू नका

आमची अट अशी: हौदात डोसनंतर ०.५, गच्चीच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरून तिथं, आणि सगळ्यात लांबच्या घराच्या नळाला किमान ०.२. तिन्ही ठिकाणचे फोटो. त्यानंतर हिरवा कागद, आणि त्याच्यावर पहिली ओळ हीच: "सूत असलेली भांडी ओता, घासा, मग नवीन पाणी भरा." आरओच्या आतली छोटी टाकी दोनदा रिकामी करा, बर्फाचे ट्रे ओतून टाका, कॅन्डलचा फिल्टर असेल तर कॅन्डल घासा.

दोन पाळ्यांनी पुन्हा शून्य येत असेल तर एचटूएसची (मैल्यातले जंतू ओळखायची) बाटली भरून ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैला मिसळल्याची शंका धरायची आणि रीतसर नमुना जिल्हा प्रयोगशाळेला. मानक असं की १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडता कामा नये. बाटलीचा निकाल येईपर्यंत मात्र लाल कार्ड काढायचं नाही. मोकळं क्लोरीन आत्ता आहे की नाही ते गोळी सांगते, कालपर्यंत काय शिरलं ते ती सांगू शकत नाही.

हमखास येणारे प्रश्न

"पाण्याला पावडरीचा वास मारतोय, म्हणजे क्लोरीन भरपूर आहे ना?" नाही. उजनीत पुण्याकडचं पाणी मुळा-मुठा, भीमेतून येतं आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं पडतं. शेवाळ आणि अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन त्यांच्याशीच बांधलं जातं आणि नाकाला झोंबणारा वास बऱ्याचदा त्याचा असतो. वास जोरात आणि मोकळं क्लोरीन शून्य, असं मी स्वतः पाहिलंय. नाकावर कार्ड लावू नका.

"उकळायला गॅस कुठून आणायचा?" हा प्रश्न विचारणारा रडका नसतो, सहा माणसांच्या घराला रोज वीस लिटर उकळणं खरंच परवडत नाही. पाणी नितळ असेल तर मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरीनची गोळी, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबायचं. गोळ्यांचे आकार वेगवेगळे येतात, शेजाऱ्याचं प्रमाण आपल्या गोळीला लावू नका. गढूळ असेल तर आधी निवळून, गाळून घ्या.

"बोअरचं पाणी उकळलं की चालेल?" जंतू मरतील. पण बोअरमध्ये नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बोअर एकदा तपासून घ्या. तान्हं बाळ असलेल्या घरानं तोवर ते पाणी दुधाला वापरू नये.

"टँकर मागवला तर?" हौदात पडल्यावर तेही हौदाचंच पाणी. चाचणी, मग वापर.

अजून न सुटलेली एक गोष्ट आहे. दुसऱ्या गाळ्यातला दुकानदार पाणी रात्री रस्त्याच्या तोटीवरून थेट कॅनमध्ये भरतो आणि सकाळी गावाकडं मंद्रूपला घेऊन जातो. आमचा कागद लागेपर्यंत त्याचं पाणी वीस-पंचवीस किलोमीटर गेलेलं असतं. सध्या त्याच्या कॅनच्या कडीला आम्ही आधीच लाल सूत बांधून ठेवतो, आणि सकाळी चाचणी चांगली आली की मी त्याला फोन करतो, तोड म्हणून. फोन उचलला नाही तर सूत तसंच राहतं आणि त्याची बायको पाणी उकळते.